विजयकुमारला कुटुंब नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्री-टॅक्स! नव्या योजनेच्या चाळीस पानांच्या पुस्तिकेत हा शब्द एकसष्ट वेळा आलाय. मी मोजला. दुसरं काम नव्हतं.

या देशात पगारावर टॅक्सच नाही. लोक त्यासाठीच तर घरदार सोडून इथे येतात. मग प्री-टॅक्स म्हणजे कशाच्या आधी? बेसिलला विचारलं. बेसिल म्हणजे माझा बॉस – वसईचा, दुबई मरीनातल्या कन्सल्टंट कंपनीत मॅनेजर, आणि माझ्याशी मराठी फक्त झापायचं असेल तेव्हा बोलतो.

"अगं, टेम्प्लेट अमेरिकेचं आहे. राहू दे ना. वाचायला प्रोफेशनल वाटतं."

"पण खोटं आहे."

"खोटं कसं? टॅक्स नाही म्हणजे सगळंच प्री-टॅक्स!"

यावर तो स्वतःच इतका खूश झाला की पलीकडच्या टेबलावर जाऊन तोच विनोद इंग्लिशमध्ये परत सांगितला. तिथेही हसले. या लोकांना कशालाही हसता येतं. पगार त्याचाच मिळतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

ही योजना एकदा लिहूनच टाकते, डोक्यातून जाईल.

म्युनिसिपालिटीतल्या लोकांना – कुठली म्युनिसिपालिटी ते लिहीत नाही, वही भावाच्या, अयानच्या हाताला लागते – आजवर सगळं आपोआप मिळायचं. बायको-पोरांचा मेडिकल, वर्षाला गावाचं तिकीट, खलास. आता म्हणे चॉइस! प्रत्येकाला शंभर पॉइंट. त्यातून आपलं आपण निवडायचं. घरच्यांचा मेडिकल हवा तर इतके पॉइंट, मुलांची फी हवी तर इतके, तिकीट, फोन, जिम. उरले ते बुडाले. २७ नोव्हेंबरला दुपारी दोनला फॉर्म लॉक, मग वर्षभर बदल नाही. आणि याचं नाव फ्लेक्सिबल!

म्हणजे काल ताट वाढून देत होते. आज मेन्यूकार्ड हातात दिलं आणि वर सांगतायत, बघा, तुमचा मान वाढवला.

आणि मी कुठे? तळमजल्यावर, दंड भरायच्या खिडकीशेजारी. टेबल, कॉम्प्युटर, 'हेल्प डेस्क' अशी पाटी. तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. पुण्यात तीन वर्षं साहित्य शिकले, एकही क्रियापद नसलेली कादंबरी निम्मी लिहून झाली, आणि आता लोकांना सांगते की टिक चौकोनात करायची, बाहेर नाही. अब्बांनी वशिला लावला. अब्बा इथेच पेस्ट कंट्रोलला सुपरवायझर. सव्वीस वर्षं या शहरातली झुरळं मारतायत. झुरळं आहेत तेवढीच आहेत. माझा व्हिसा अजून त्यांच्यावर. भेटेल त्याला सांगतात, "पोरगी रायटर आहे. ऑफिसात रायटिंग करते."

६ नोव्हेंबर, गुरुवार

बेसिलने काम दिलं. पुस्तिकेत नमुन्याचा भरलेला फॉर्म आहे, त्यात कुणीतरी जॉन, त्याची बायको एमिली, कुत्र्याचा विमासुद्धा. "हा काढ. इकडचा वाटेल असा माणूस टाक. तू क्रिएटिव्ह आहेस ना? जिवंत वाटला पाहिजे."

जिवंत! बरं.

नाव: विजयकुमार.
वय: एक्केचाळीस.
काम: रस्त्यावरचे दिवे.
बायको: –
मुलं: –
कुटुंबाचा मेडिकल: नको.
मुलांची फी: नको.
फोन: नको.
जिम: नको.
विमानाचं तिकीट: चार.
शंभरपैकी शंभर.

ज्याला कुणी नाही तो वर्षातून चारदा घरी जातो. कुणाकडे? लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही. अकरा ओळी, 'नको' सोडलं तर एक क्रियापद नाही! तीन वर्षं जे करायला बघत होते ते सरकारी फॉर्मवर झालं. बेसिलने बघितलं न बघितलं, म्हणाला, "गुड. बेरीज शंभर येते ना?"

याच्यापेक्षा दगडाला वाचून दाखवलेलं बरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सत्तावीस जण आले. एकानेही विचारलं नाही की ही योजना कशासाठी. टिक कुठे करू, सही कुठे करू, फोटो लागतो का. एक जण म्हणाला, "मॅडम, जिम के पॉइंट में चावल मिलेगा?" मी म्हटलं नाही. म्हणाला, "फिर आधा जिम, आधा चावल?"

एक बाई अकाउंट्समधल्या. पंधरा मिनिटं उभ्या. शेवटी मान पुढे करून हळूच – "सगळे काय घेतायत?"

सगळे काय घेतायत! हेच यांचं बायबल, हेच कुराण, हीच घटना. सगळे काय घेतायत ते सांगा, मी तेच घेतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हमदुल्ला चाचा आला. अब्बांच्या गावचा. पाण्याचा टँकर चालवतो, सर्कलमधल्या फुलांना पाणी घालतो – वाळवंटात पेटुनिया, यावर तर वेगळं पुस्तक होईल. तीस वर्षांपूर्वी गावातून पहिला तो आला, मग एकेकाला ओढलं. अब्बांनासुद्धा त्यानेच आणलं. आता म्युनिसिपालिटीत त्याच्या जमातीचे एकतीस जण, त्याला धरून, अब्बांना सोडून. जमात म्हणजे गावच्या लोकांची इकडची मंडळी. कुणाची मय्यत गावी पाठवायची, कुणाचं लग्न अडलंय, कुणी कुणाला शिवी दिली – सगळं चाचाकडे. चाचा म्हणेल ते. मोबाइल कुठला घ्यायचा तेही चाचाला विचारतात. आणि चाचा सातवी पास!

टेबलावर दोन्ही हात ठेवून उभा. युनिफॉर्म घामाने ओला. "काय गो यम्ना, बरी ना? त्या इंग्लिश बुकानं पोरांची डोकी फिरलीत. मराठीत एक कागद काढून दे."

मी म्हटलं, सूचनाच नऊ पानं आहेत, चाचा.

"नऊ पानं कोण वाचणार गो? भरलेला फॉर्म दे. पोरं बघून भरतील."

मला काय! नऊ पानं मराठीत करायचा मला तरी कुठे उत्साह होता? विजयकुमारला वीस मिनिटांत मराठीत आणला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. ऑफिसचा शिक्का नाही, माझं नाव नाही. बेसिलला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

संध्याकाळी चाचाचा फोन. टायपिंग सेंटरमधून पस्तीस कॉपी काढल्या, एक लॅमिनेट केली. "एकदम झकास कागद आहे. बघितला की कळतो."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्यानंतर चाचाने मशिदीबाहेर सगळ्यांना उभं करून विजयकुमार वाचून दाखवला म्हणे. अब्बांनी घरी येऊन सांगितलं. "सगळे बोलले, इद्रीसच्या पोरीने सोपं करून दिलं."

माझी कथा मासिकात आली होती तेव्हा वाचक तीन. त्यातली एक मी. आज एकतीस! आणि एकालाही कळलं नसणार की ही कथा आहे.

अम्मीने आमचा फॉर्म स्वतः भरला. चष्मा लावून, पुस्तिकेची सगळी पानं उलटून. तीन दिवस लागले. अयानला एक शब्द विचारला तर म्हणतो, "मॉम, इट्स नॉट दॅट डीप." मला कुणी विचारलंच नाही. अम्मीचा माझ्या लिहिण्यावर विश्वास नाही. घरात अक्कल असलेली एकच बाई.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. चावलवाला परत आला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज स्क्रीनवर एक मजा बघितली. एकतीस फॉर्म अगदी सारखे. मेडिकल शून्य, फी शून्य, फोन शून्य, जिम शून्य, तिकिटं चार. एकतीस विजयकुमार! आकडासुद्धा कुणी बदलला नाही.

मेंढरं. एकाने उडी मारली की झालं. इतकी हसले की दंडाच्या खिडकीवरची बाई वळून बघायला लागली.

पण तसं बघितलं तर – गावी जायची हौस असेल. चार-चार तिकिटं. बरोबरच आहे, इथे आहे काय? म्हटलं, साहित्याचा परिणाम यालाच म्हणतात बहुतेक. स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, कादंबरीत वापरीन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन वाजता लॉक. बेसिलने केक मागवला, केकवर आयसिंगने '९४%' लिहिलेलं – एवढ्यांनी फॉर्म भरले म्हणून. भाषण दिलं. लेबर ग्रेडमध्ये ट्रॅव्हल ट्रेंडिंग आहे म्हणाला, हा इनसाइट हेड ऑफिसला पाठवणार. ट्रेंडिंग! मी केक खाल्ला.

११ डिसेंबर, गुरुवार

कॉन्ट्रॅक्ट एप्रिलपर्यंत वाढवलं. बेसिल म्हणाला, "लोक तुझं नाव घेतात खाली." मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते.

५ जानेवारी २०२६, सोमवार

आजपासून नवी योजना चालू. सकाळी चाचाचा फोन हॉस्पिटलच्या काउंटरवरून. मागे कुणीतरी टोकन नंबर ओरडत होतं. "यम्ना, मशीनमध्ये कार्ड चालत नाय. ही पोरगी बोलते, कव्हर संपलं. तू जरा बोल तिच्याशी."

सुमैय्या चाचीचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, गेली चार वर्षं. हे मला माहीत होतं. सगळ्या जमातीला माहीत आहे, चाचाची ड्यूटी त्यावर ठरते.

चाचाचा फॉर्म उघडला. नुसता बघता येतो, बदलता येत नाही.

बायको: सुमैय्या.
कुटुंबाचा मेडिकल: नको.

मी फोनवर ओरडलेच, "चाचा, नको का लिहिलंत?"

"अगो, आहेच ना आपल्याला! इतकी वर्षं आहेच. जे आहे ते परत कशाला मागायचं? साहेब बोलेल, लालची लोक आहेत. तू पण तेच लिहिलेलंस ना – नको."

म्हटलं, विजयकुमारला कुटुंब नाही, चाचा.

"कोण विजयकुमार?"

त्या माणसाचं नाव त्याने वाचलंच नव्हतं! फक्त उजवीकडची बाजू बघितली. नको, नको, नको, चार.

आजचे पैसे चाचाने खिशातून भरले. नऊशे दिरहम. "बावीस हजार रुपये गो," म्हणाला, "एका दिवसाचे. आणि परवा परत."

६ जानेवारी, मंगळवार

बेसिलकडे गेले. त्याने नियमाचं पान काढलं. लॉक झालेला फॉर्म फक्त 'लाइफ इव्हेंट' झाला तर उघडतो. लग्न. तलाक. मूल. मृत्यू. संपली यादी.

"आणि चूक झाली असेल तर?"

"चूक हा लाइफ इव्हेंट नाहीये, यम्ना."

हे वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं. चेहऱ्यावर दिसलं. असल्या लोकांना वाक्यं सुचतात आणि मला नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

अब्बांबरोबर चाचाच्या घरी. एक खोली-किचन, गॅलरीत कढीपत्ता. चाची पलंगावर बसून कोळंबी सोलत होती. हाताला पट्टी, तरी सोलत होती. मी लाइफ इव्हेंटची यादी सांगितली. वाटलं, रडेल. ती तर सुरूच झाली –

"मूल? या वयात? हमदुल्ला, ऐकतोस का, सरकार मूल मागतंय."

चाचा कपाळावर हात मारून बसला.

"नायतर दुसरी आण लग्न करून. कार्ड तिच्या नावावर, सुई माझ्या हाताला. मी काय बोलणार नाय. स्वयंपाक तेवढा तिला यायला हवा."

"तोंड आवर गो, इद्रीस बसलाय."

"मग तलाक दे! चौतीस वर्षं झाली, सुटेन एकदाची. तुझी चड्डी कोण धुणार ते बघ मग."

अब्बासुद्धा हसले. मी सोडून सगळे. मला राग येत होता – आणि कुणाचा ते नक्की कळत नव्हतं.

मग चाची एकदम साध्या आवाजात म्हणाली, गावी जाते. मुलगी आहे तिकडे. डायलिसिस रत्नागिरीला होतं; घरापासून दोन तास एसटीने, रिक्षा वेगळी. आठवड्यातून तीनदा. चाचाला रिटायर व्हायला अजून चौदा महिने, आधी सोडली नोकरी तर ग्रॅच्युइटीवर पाणी. "तिकिटाची काय काळजी नाय. तुझ्या कागदाने चार तिकिटं दिलीत ना."

तिने टोमणा मारला नव्हता. तेच वाईट. खरंच बरं वाटून म्हणाली.

चाचा कोळंबीची सालं गोळा करत होता. म्हणाला, "दोन तास एसटीत. परत येताना तर तिला धरून बसवायला लागतं." आणि परत सालं गोळा करायला लागला.

१२ जानेवारी, सोमवार

बेसिल आज स्वतःहून आला. मराठीत. फायलींच्या खोलीत नेऊन, दार लावून.

"एकतीस फॉर्म सेम आहेत. मी बघितलंय. कुणीतरी अनऑफिशियल कागद वाटलाय. बरोबर?"

मी कपाटावरची लेबलं वाचत होते.

"हे बघ. एक रस्ता आहे. एक्सेप्शन कमिटी. एकोणतीस तारखेला बसणार. लोकांना चुकीच्या कागदाने फसवलं असं सिद्ध झालं तर फॉर्म उघडतील. पण कागद कुणी काढला ते सांगावं लागेल, सहीनिशी. तो माणूस गेला. बाहेरचा, कॉन्ट्रॅक्टवरचा असेल तर बाहेर – काम, व्हिसा, सगळ्याची चौकशी. स्टाफमधला असेल तर तोही गुन्हेगार, त्याचा स्वतःचा फॉर्म काही उघडणार नाही."

"आणि कुणीच सांगितलं नाही तर?"

"तर एकतीस जणांनी आपल्या मर्जीने तिकिटं निवडली. ट्रेंडिंग." मग उठला. "मी तुला विचारत नाहीये कुणी काढला. मला माहीतच करून घ्यायचं नाहीये. कळलं का?"

भित्रा माणूस. तीस-तीस मजल्यांचे काचेचे डबे, आणि आत असली माणसं भरलेली.

१३ जानेवारी, मंगळवार

अब्बांना सांगितलं, मी लिहून देणार आहे.

"गप्प बस. तुझा व्हिसा माझ्यावर आहे. चौकशी आली तर आधी माझ्या टेबलावर येईल."

"चाची –"

"सुमैय्याचं मला कळत नाय काय? हमदुल्ला नसता तर मी आज गावात जाळी विणत बसलो असतो. कळतं मला." मग बराच वेळ बूट पुसत राहिले. चकचकीत झालेला बूट परत पुसला. "कागदावर नाव नाय ना तुझं? मग झालं."

सव्वीस वर्षं! झुरळांसारखंच, उजेड दिसला की फटीत. असं लिहायला नको. पण लिहिलं.

अम्मी आतून ऐकत होती. जेवताना मला वाढलं नाही. भांडं सरकवलं फक्त.

१५ जानेवारी, गुरुवार

कबुलीजबाब लिहायला घेतला. पहिलं वाक्य – 'हा कागद मी लिहिला.' किती बेकार! कुठल्याही चोराचं वाक्य.

१८ जानेवारी, रविवार

दुसरा खर्डा. फॉर्मसारखाच करायचा ठरवला. नाव: यम्ना. वय: चोवीस. चूक: एक. छान वाटलं. मग कळलं की कमिटीला यातून काहीच कळणार नाही. फाडला.

२० जानेवारी, मंगळवार

चाचाने सर्कलजवळ टँकर थांबवून हाक मारली. बस स्टॉपवरचे सगळे बघायला लागले. टँकरमधून उतरला, डबा दिला. चाचीने घावणे पाठवले होते. "नीट जेव गो, वाळलीस." पैशांचं विचारलं तर म्हणाला, जमात वर्गणी काढतेय, चाललंय. दोन आठवड्यांत सात वेळा भरले. फेब्रुवारीच्या सात तारखेचं तिकीट काढून ठेवलंय, एकच. मग म्हणाला, "ती कमिटी आहे ना, तिकडे आम्हाला सगळ्यांना बोलावलंय. काय विचारतील?"

"कागद कुणी काढला ते."

"हां." पाइप गुंडाळायला लागला. "तू काय घाबरू नको."

मी कशाला घाबरू? मी लिहिणार आहेच. असं त्याला म्हणणार होते तेवढ्यात मागून गाड्यांनी हॉर्न मारले.

२२ जानेवारी, गुरुवार

चौथा खर्डा. अडचण अशी आहे की 'मला वाटलं नव्हतं' असं लिहिलं तर खोटं होतं. सव्वीस नोव्हेंबरला मी ते एकतीस फॉर्म बघितले होते. लॉक व्हायच्या आदल्या दिवशी. एक फोन केला असता तर सगळे बदलता आले असते. मी फोटो काढला.

हे कबुलीजबाबात घालायचं का? घातलं तर सगळा तोल त्या एका वाक्यावर जातो. नाही घातलं तर राहतं काय?

२५ जानेवारी, रविवार

सहावा. आता बराच बरा झालाय. दीड पान. सुरुवात सरळ, मध्ये ती नोव्हेंबरची गोष्ट, शेवट जरा लांबला.

अम्मीने टेबलावरचे पाचही फाडलेले खर्डे उचलले, एकावर एक ठेवले. "एवढं काय लिहायचंय त्यात? 'मी केलं.' दोन शब्द."

"अम्मी, तुला नाही कळणार."

"हां. मला फॉर्म भरता येतात तेवढे."

२८ जानेवारी, बुधवार

झाला! आठवा. एक पान. एक शब्द काढता येणार नाही असा. वाचून दाखवावा असं कुणी नाही म्हणून मोठ्याने स्वतःलाच वाचला, दोनदा. माझ्या हातून इतकं साधं आजवर काही लिहून झालेलं नाही. विजयकुमार याच्यापुढे नुसती चलाखी.

सही केली. उद्या दहाला कमिटी. बेसिलने विचारलं, तू येतेस का, म्हटलं हो. म्हणाला, "मागे बस."

नोकरी गेली तर गेली. पुण्याला जाईन. चाचीचं कार्ड तरी चालू होईल. इन्शाल्ला.

२९ जानेवारी, गुरुवार

कमिटीच्या साहेबाने लॅमिनेट केलेला कागद वर धरला. किसने बनाया? हमदुल्ला चाचा उभे राहिले. "मैंने, साब. सातवी तक पढ़ा हूँ. गलती हो गया." सही केली. तीस फॉर्म उघडले. त्यांचा नाही.

कबुलीजबाब माझ्या पर्समध्ये होता. मी उठले नाही.